लोकहिताच्या अभ्यासातील उमेदवारी

उमेदवारी हा शब्द हल्ली बहुधा निवडणुकीच्या दिवसांतच कानी पडतो. जुन्या पिढीच्या तोंडी त्याचा अर्थ निराळा होता. एखादा तरुण वकिलाच्या, वैद्याच्या किंवा कचेरीतील कारकुनाच्या हाताखाली बिनपगारी अथवा अल्प वेतनावर राही, कागद नकलून काढी, आकडे ताळ्यास लावी, वडीलधाऱ्यांची बोलणी ऐके, आणि दोनचार वर्षांनी कामास पक्का होई. या शिकण्यास उमेदवारी म्हणत. आज महाविद्यालयांतील मुले-मुली दिल्लीस, पुण्यास किंवा बंगळुरास एखाद्या धोरणसंशोधन संस्थेत काही महिने 'इंटर्न' म्हणून जातात. पाणी, आरोग्य, ऊर्जा, विज्ञान यांविषयी सरकारने कोणते धोरण धरावे, याची टिपणे तयार करण्यास तेथे ती हातभार लावतात. संस्थेस 'थिंक टँक' आणि शिकाऊ मनुष्यास 'इंटर्न' ही नावे नवी आहेत. वस्तू मात्र महाराष्ट्रास नवी नाही. किंबहुना या देशात लोकहिताच्या अभ्यासाची उमेदवारी जेथे प्रथम रुजली, त्या ठिकाणांत पुण्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. आणि त्या परंपरेच्या आरंभी व पुढे तिच्या भरभराटीच्या काळी उभे असलेले दोन पुरुष नाशिक जिल्ह्यात जन्मले होते, ही गोष्ट नाशिककरांस कौतुकाची वाटावी अशी आहे.

त्यांपैकी पहिले महादेव गोविंद रानडे. त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. १८७१ साली ते न्यायखात्यात नेमणूक होऊन पुण्यास आले, तेव्हा सार्वजनिक सभेस स्थापन होऊन एकच वर्ष झाले होते. सभेच्या कामास रानड्यांनी जे वळण लावले ते असे की, सरकारकडे गाऱ्हाणे न्यावयाचे तर आधी त्याची चौकशी पुरी झालेली असावी. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत धाडली. पीक किती बुडाले, दुष्काळी कामावर मजुरी काय मिळते, माणसे गाव सोडून किती गेली, याची माहिती गोळा करून ती पत्रांच्या रूपाने सरकारपुढे व लोकांपुढे ठेवली. दयेची याचना करणारे अर्ज त्या काळी पुष्कळ जात. गावोगावची हकीकत मांडून धोरणातील चूक दाखविणारे कागद विरळा. पुण्यातील या चळवळीमुळे सरकारची मर्जी फिरली आणि १८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली.

पुढे ते पुण्यास परतले, आणि १८८७ च्या सुमारास एक एकवीस वर्षांचा शिक्षक त्यांच्याकडे येऊ लागला. गोपाळ कृष्ण गोखले हे त्याचे नाव. न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेज येथे शिकवावे, आणि उरलेल्या वेळी रानड्यांच्या घरी बसून सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके व पार्लमेंटची निळी पुस्तके वाचावी, असा त्यांचा क्रम सुरू झाला. रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, सुमारे चौदा वर्षे ही उमेदवारी चालली. १८९० साली गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. सभेचे त्रैमासिकही त्यांच्याकडे आले. एखादा अर्ज लिहून न्यावा, रानड्यांनी त्यातील प्रत्येक विधानास आधार विचारावा, आकडा कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरचा आहे हे पाहावे, आणि खोडून पुन्हा लिहावयास सांगावे, अशी ती शाळा होती.

तरुण माणसाचे मन अशा कामात कधी ना कधी विटतेच. या अर्जांस सरकारकडून पोच मिळे, फार तर दोन ओळींचे उत्तर येई. इतके कष्ट घेऊन लिहावयाचे आणि ते कोणी वाचावयाचे नाही, मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न गोखल्यांनी एकदा गुरूस विचारला. रानड्यांच्या उत्तराचा आशय गोखल्यांनी पुढे स्वतःच सांगून ठेवला आहे. अर्जावर नाव सरकारचे असले तरी तो खरोखर आपल्याच लोकांसाठी लिहिलेला असतो; असल्या विषयांवर विचार कसा करावा हे त्यांनी शिकावे, आणि या देशास तशा राजकारणाची सवय नसल्यामुळे दुसऱ्या फळाची आशा न धरता हे काम कित्येक वर्षे करावे लागेल, असे ते उत्तर होते. लोकांत ज्यांस प्रथम तो विचार शिकावयाचा होता, ते तर टिपण लिहिणारे गोखलेच होते.

या शिक्षणात आणखी एका माणसाचा वाटा आहे. त्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर होते. शाळेचे काम सांभाळून त्यांनी हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा, शेतसाऱ्याचा व व्यापाराचा जो अभ्यास केला तो मोठमोठ्या अधिकाऱ्यांसही साधला नव्हता. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले, तेव्हा जोशांनी तयार करून दिलेल्या टिपणांचा त्यांस मोठा आधार होता. वयाची एकतीस वर्षेही पुरी न झालेल्या त्या शिक्षकाने दिलेली साक्ष आणि उलटतपासणीतील त्याची उत्तरे यांची वाखाणणी झाली. दहा वर्षांच्या वाचनाचे फळ पदरात पडले असे कोणासही वाटले असते.

आणि त्याच मुक्कामी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कडू प्रसंग घडला. पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. घरोघर तपासणीसाठी गोऱ्या सोल्जरांची योजना झाली होती, आणि त्यांच्या वर्तनाविषयी संतापाची पत्रे गोखल्यांस विलायतेत पोहोचत होती. त्यांतील स्त्रियांच्या विटंबनेसंबंधीचा अतिशय गंभीर मजकूर खरा मानून गोखल्यांनी तो तेथील वर्तमानपत्रास सांगितला. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर त्यांनी शोध केला. परंतु पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी प्रसिद्धपणे पुढे येण्यास व शाबितीचा भार उचलण्यास तयार होईना. सोल्जरांविरुद्ध लोकांच्या तक्रारी काही थोड्याथोडक्या नव्हत्या. पण जे विशिष्ट विधान गोखल्यांनी केले होते, ते सिद्ध करता येत नव्हते. तेव्हा ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी ते विधान मागे घेऊन जाहीर माफी मागितली. सरकारपक्षाने त्यांस खोटे ठरविले, स्वपक्षाने भ्याड म्हटले. कमिशनपुढे एकेका आकड्यास आधार देणारा मनुष्य एकदाच, मन कळवळले असताना, न पडताळलेले बोलून गेला. त्याचे शल्य त्यांच्या मनातून फार दिवस गेले नाही.

यानंतर गोखल्यांनी अभ्यास सोडला नाही, हे त्यांचे मोठेपण. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण झाले. तिजोरीत दरसाल शिल्लक पडते म्हणून सरकार प्रौढी मिरवीत होते. ती शिल्लक रयतेच्या सुबत्तेची खूण नसून वाजवीपेक्षा जड करांची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले, आणि मिठावरील कर उतरवावा असा आग्रह धरला. त्या वेळी मणामागे अडीच रुपये कर होता. तो १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया व १९०७ साली एक रुपया झाला. हे एका माणसाच्या भाषणाने झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दरसाल तेच गाऱ्हाणे नव्या आकड्यांनिशी पुढे येत गेले, तेव्हा त्यास उत्तर देणे सरकारास कठीण झाले, यात शंका नाही.

जे आपणांस चौदा वर्षांत व एका मोठ्या ठेचेने शिकता आले, ते पुढच्या मंडळींस नियमाने शिकविता यावे, अशी व्यवस्था गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी केली. त्या दिवशी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना झाली. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत विनायक पटवर्धन हे त्यांचे पहिले सहकारी. समाजात येणाऱ्या प्रत्येकाने पाच वर्षे उमेदवारी करावी असा नियम होता. त्यांपैकी तीन वर्षे पुण्याच्या वास्तूत राहून अभ्यास करावयाचा, दोन वर्षे देशभर हिंडून पाहावयाचे. ग्रंथालयात कायदेमंडळांची कामकाजे, शिरगणतीचे अहवाल व अंदाजपत्रके यांच्या राशी असत. वाचून झाल्याशिवाय प्रवास नाही, आणि प्रवास झाल्याशिवाय अभ्यास पुरा नाही, असा त्या नियमाचा अर्थ होता. १९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परत आले तेव्हा त्यांनाही गोखल्यांनी एक वर्ष देश पाहण्याचा व त्या काळात जाहीर मत न देण्याचा सल्ला दिला, आणि तो गांधीजींनी पाळला. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीस गोखले वारले.

समाजाच्या याच आवारात, सातारचे रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून, १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. रानडे वारले ते त्याच वर्षीच्या जानेवारीत. केंब्रिजला त्यांनी हिंदी उद्योगधंद्यांच्या वाढीवर प्रबंध लिहिला व तो १९२४ साली ग्रंथरूपाने निघाला. संचालक झाल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांस वाचनखोलीतून बाहेर काढले. पुण्यास येणारी फळे कोणत्या हातांतून जातात, मोटारबस सहा जिल्ह्यांत कशा चालतात, वाई तालुक्यातील शेतकऱ्यास शेतीत काय उरते, असे त्यांच्या पाहण्यांचे विषय होते. पुस्तकांतील अर्थशास्त्रास हे विषय क्षुल्लक वाटले असतील. पण रस्ता, बाजार किंवा पाट यांविषयी सरकारने काही ठरवावयाचे, तर प्रथम हेच ठाऊक असावयास पाहिजे.

या पाहण्यांपैकी एक नाशिक जिल्ह्याशी निगडित आहे, आणि तिचे महत्त्व समजण्यास गोदावरीच्या कालव्यांची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. १८९६ ते १९०० या अवधीत दख्खनवर दोन मोठे दुष्काळ कोसळले. त्यानंतर १९०१ साली पाटबंधारे कमिशन नेमले गेले व १९०३ साली त्याचा अहवाल आला. सह्याद्रीत पावसाचे पाणी साठवून ते पूर्वेकडील अवर्षणाच्या टापूत न्यावे, हा मार्ग सरकारने धरला. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीवर बंधारा बांधण्यात आला. त्याच्या दोन्ही तीरांवरून निघालेले कालवे कोपरगावच्या बाजूस गेले. वर इगतपुरी तालुक्यात दारणा नदीवर १९१६ साली धरण पुरे झाले, ते या कालव्यांस पाणी पुरवू लागले. शेजारच्या प्रवरा खोऱ्यात भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले.

बांधकामाची विद्या इंजिनियरांस अवगत होती. पाणी कोणास, किती व कोणत्या पिकास द्यावे, हा प्रश्न निराळा होता. १८८४ साली नाशिकास नोकरी सुरू करणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यासाठी गटवारीची पद्धत सुचविली होती. एकाच गावाने उसास सर्व पाणी लावू नये, ते लहान लहान गटांनी पुष्कळ गावांस वाटावे आणि गटात पिकांची पाळी ठेवावी, असे तिचे मर्म. उसास बारमाही पाणी मिळाल्यावर काही काळ्या जमिनी पाणथळ होऊन खारावल्या, हाही अनुभव दख्खनच्या कालव्यांवर आलाच.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न हिशेबाचा होता. सरकार पाटबंधाऱ्यांचे दोन वर्ग करी. गुंतविलेल्या भांडवलाचे व्याज जे भरून काढील ते उत्पादक, आणि दुष्काळापासून बचाव करण्यासाठी, तोटा गृहीत धरून, जे बांधावयाचे ते रक्षक. दख्खनमध्ये डोंगरात धरण बांधून पाणी लांब न्यावे लागे, खर्च फार येई, आणि पाणीपट्टीतून तो निघत नसे. मग कालवा फायद्याचा की तोट्याचा? पाटबंधारे खात्याची वही पाहिली तर उत्तर एक येई. पण त्या वहीत शेतकऱ्याच्या घरी आलेला जादा दाणा नव्हता. ऊसतोडणीस आलेल्या मजुराची मजुरी नव्हती. गाडीवानाचे भाडे, गुळाच्या अडत्याचा व्यापार, कारखान्याचा पगार, यांतले काहीच नव्हते. ज्या कालव्याचा लाभ मोजलाच गेला नाही, तो तोट्याचा ठरून पुढचे कालवे अडणार, अशी भीती होती. उलट लाभ न मोजता केवळ उत्साहाने कालवे खणणेही तितकेच घातक होते.

गोखले संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी केली ती हा गुंता सोडविण्यासाठी. कालव्यामुळे होणारा प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ किती, हे शोधणे हा तिचा हेतू होता, आणि रीत अशी की कालव्याखालचा मुलूख व त्याच टापूतील कोरडवाहू मुलूख यांची तुलना करावयाची. ऐकण्यास हे सोपे आहे. परंतु तुमचे उत्पन्न किती, असे शेतकऱ्यास विचारल्याने काहीच हाती लागत नाही. त्याने वही ठेवलेली नसते, आणि विचारणारा सरकारी तर नाही ना, ही शंका त्याच्या मनात असते. म्हणून बैल किती, वैरण घरची की विकतची, बियाणे कोठून आणले, घरची किती माणसे राबली, मजुरास धान्य दिले की रोख, खावयास किती ठेवले व बाजारात किती नेले, असे एकेक विचारून बेरीज आपण करावी लागते. एकाच प्रश्नाचे उत्तर दोन वाटांनी काढून ते जुळते का, हेही पाहावे लागते. अशा पाहणीत पारावर किंवा पडवीत बसून कोष्टके भरणारे तरुण असतात. आणि पुस्तकाच्या एका ओळीत जो आकडा दिसतो त्यामागे त्यांची किती पायपीट असते हे त्यांनाच ठाऊक. रानड्यांच्या सभेने दुष्काळात माणसे धाडली, भारत सेवक समाजाने उमेदवारास दोन वर्षे हिंडविले, त्याच वाटेचा हा पुढचा टप्पा. योगायोग असा की या वेळी ती वाट रानड्यांच्या जन्मतालुक्यात उगम पावणाऱ्या पाटाच्या कडेने गेली.

पाहणीचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचे मोल केवळ सरकारी वसुलीवरून ठरवू नये, समाजास एकंदर काय मिळाले व त्यासाठी काय द्यावे लागले यावरून ठरवावे, ही दृष्टी त्याने आपल्याकडे आकड्यांनिशी मांडली. संस्थेतील नी. वि. सोवनी व नीलकंठ रथ यांनी हिराकूड धरणाचा अभ्यास याच अंगाने पुढे केला. तो १९६० साली निघाला. १९६४ साली निजलिंगप्पा समितीनेही पाटबंधाऱ्यांची निवड वसुलीपेक्षा लाभ व खर्च यांच्या तुलनेवर करावी अशी शिफारस केली. ग्रंथापासून शिफारशीपर्यंत सोळा वर्षे गेली. दोन ओळींच्या उत्तराने खट्टू झालेल्या गोखल्यांस रानड्यांनी जे सांगितले होते, त्याची येथे आठवण व्हावी.

या अभ्यासास दुसरेही एक फळ आले. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्यास उसाच्या किमतीवर सत्ता नव्हती. कारखाना दुसऱ्याचा, भाव दुसऱ्याचा. १९४५ साली बेलापूर येथे भरलेल्या बागाईतदारांच्या परिषदेचे अध्यक्ष गाडगीळ होते. तेथे शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढावा या विचाराने जोर धरला. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून भागभांडवल जमवू लागले, १९४८ साली संस्था नोंदली गेली, आणि १९५० च्या अखेरीस लोणी येथे प्रवरेच्या कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. पाहणी करणाऱ्याने अहवाल छापून घरी बसावे, असे त्यांनी मानले नाही. पुढे १९६७ ते १९७१ ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. मे १९७१ मध्ये दिल्लीहून पुण्यास येताना आगगाडीतच त्यांचा अंत झाला.

तथापि मोजणी एकदा करून संपत नाही. ज्या सहकारी साखरेने त्या मुलखास बरकत आणली तिनेच उसाची तहान वाढविली, आणि आज गोदावरीच्या पाण्यावरून वरचे नाशिक-अहिल्यानगर व खालचा मराठवाडा यांच्यात दरवर्षी कुरबूर होते. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. २०१३ साली नेमलेल्या मेंढेगिरी समितीने जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी केव्हा व किती सोडावे याचे सूत्र सुचविले. त्या वादात आवाज चढविणारे दोन्ही तीरांवर पुष्कळ आहेत. कोणत्या धरणात गाळ किती साचला, कोणत्या पिकास पाणी किती लागते, वाटेत किती मुरते, हे शांतपणे पाहून सांगणाऱ्यांची मात्र वाण आहे. नाशिकात १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. पुण्यास गाडगीळांच्या नावाचे ग्रंथालय आहे. शिकावयाचे ठिकाण नाही, अशी सबब आजच्या तरुणास सांगता येणार नाही.

नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा अजून उभा आहे. त्याच्या फुगवट्यात शंभर वर्षांत गाळ साठला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी हजारोंनी उतरू लागले. २०१९ साली त्या पाणथळीची रामसर यादीत नोंद झाली. महाराष्ट्रातील ती पहिली. बंधारा बांधणाऱ्या इंजिनियराने ही गोष्ट योजिली नव्हती. जो गाळ पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने पाणीसाठ्याची निव्वळ हानी, तोच पाखरांचे घर झाला. आणि या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे अद्याप ठरावयाचे आहे. निफाडची द्राक्षे पाहावयास जाणाऱ्या नाशिककराने वाट थोडी वाकडी करून हा बंधारा पाहावा. बरोबर घरातील शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर एका कागदावर दोन रकाने आखण्यास सांगावे, या बंधाऱ्याने काय दिले आणि काय घेतले. पहिले दोनचार आकडे सहज सुचतील. त्यापुढे गावात जाऊन विचारावे लागेल, आणि तेथून उमेदवारीस आरंभ होईल.